पोर्तुगालची लीग २०२५-२६ : माझी भाकितं आणि त्यामागचा हिशेब

कोल्हापूरहून प्रश्न आला आहे. विचारणारे एका तालमीच्या संघाकडून खेळलेले, आता लहान मुलांना शिकवणारे. ते लिहितात, "शुक्रवारी, ८ ऑगस्टला पोर्तुगालची लीग सुरू होतेय. स्ट्रायकर ग्योकेरेस गेला, तरी स्पोर्टिंग सलग तिसऱ्यांदा जिंकेल का? ‘चुरस होईल, बघूया’ असलं गुळमुळीत उत्तर नको. कोण जिंकणार, कोण खाली जाणार, कुणाचा प्रशिक्षक जाणार, नावानिशी सांगा."

नावानिशी सांगतो, आज ६ ऑगस्ट २०२५ ला, लीग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी. पोर्तो जिंकेल. स्पोर्टिंग दुसरा, बेनफिका तिसरा, ब्रागा चौथा. बेनफिकाचे प्रशिक्षक ब्रूनो लाज नाताळापर्यंत टिकणार नाहीत. गेल्या वर्षी पाचवा आलेला सांता क्लारा तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात जाईल आणि मोरेइरेन्स पहिल्या आठांत येईल. एव्हीएस आणि तोंदेला खाली, म्हणजे दुसऱ्या विभागात जातील, अल्वेर्का वाचेल.

मी गोव्यात राहतो आणि चौदा वर्षं व्हिडिओ विश्लेषणाचं काम करतो. पोर्तुगालचे सामने बघणं हा त्या कामाचाच भाग आहे. तिथला रात्री सव्वाआठचा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात पाऊण वाजता सुरू होतो, हिवाळ्यात पावणेदोनला. इतकी वर्षं जागून एक गोष्ट पक्की कळली आहे. या लीगचं विजेतेपद बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग या तीन मोठ्यांच्या आपसातल्या सामन्यांत जितकं ठरतं, त्याहून जास्त ते छोट्या गावांतल्या छोट्या मैदानांवर हरवलं जातं. भाकीत करायला बसलो की मी पहिल्यांदा हाच हिशेब काढतो.

गेल्या हंगामाचा हिशेब बघा. स्पोर्टिंग ८२ गुण, बेनफिका ८०. बेनफिकाने ३४ सामन्यांत २२ गुण सोडले. त्यातले पाच स्पोर्टिंगने घेतले, पाच ब्रागाने. पोर्तोने एकही नाही. उलट बेनफिकाने पोर्तोला घरी ४-१ आणि पोर्तोच्याच द्रागांव मैदानावर पुन्हा ४-१ असं झोडपलं. मग उरलेले बारा गुण गेले कुठे? फामालिकांवमध्ये पहिल्याच दिवशी ०-२. मोरेइरेन्सशी १-१, आणि त्या बरोबरीनंतर रॉजर श्मिट यांची नोकरी गेली. एव्हीएसशी १-१. जानेवारीत कासा पियाकडून १-३. एप्रिलमध्ये घरच्या लूझ मैदानावर आरौकाशी २-२, तोही भरपाई वेळेत खाल्लेल्या गोलामुळे. फरक होता दोन गुणांचा. लोक अजून १० मेच्या स्पोर्टिंगविरुद्धच्या १-१ वर वाद घालतात. माझ्या मते ते विजेतेपद आरौकाच्या त्या गोलात गेलं होतं.

स्पोर्टिंगही यातून सुटला नव्हता. नोव्हेंबरमध्ये रुबेन आमोरी मँचेस्टर युनायटेडला गेले तेव्हा स्पोर्टिंग अकरापैकी अकरा सामने जिंकून बसला होता. त्यांच्या जागी जुआंव परेरा आले आणि आठवड्याच्या आत संघ दोनदा हरला, घरी सांता क्लाराकडून आणि मग मोरेइरेन्सच्या गावी. अख्ख्या हंगामात लीगमधले पराभव तेवढेच दोन, आणि दोन्ही छोट्यांकडून. नाताळात व्हितोरिया गिमारायशचे रुई बोर्जिस यांना आणलं तेव्हा गाडी रुळावर आली. शेवटच्या दिवशी, १७ मेला, त्याच व्हितोरियाला २-० हरवून स्पोर्टिंगने विजेतेपद राखलं. सलग दोनदा जिंकण्याची या क्लबची १९५०च्या दशकानंतरची ही पहिलीच वेळ.

आता ग्योकेरेस. लीगमध्ये ३९ गोल. स्पोर्टिंगने एकूण ८८ केले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस एका माणसाचे. दोन हंगामांत मिळून त्याने १०२ सामन्यांत ९७ गोल केले आणि जुलैच्या अखेरीस सहा कोटी युरोंहून जास्त किमतीला तो आर्सेनलला गेला. सगळीकडे चर्चा आहे ती या ३९ गोलांची भरपाई कोण करणार याची. मला त्याहून मोठी अडचण दुसरीकडे दिसते.

सामने पुन्हा पुन्हा थांबवून बघितले की लक्षात येतं, ग्योकेरेस स्पोर्टिंगचा सुटकेचा दरवाजा होता. प्रतिस्पर्ध्याने वर चढून दाबलं, मागे पास द्यायला जागा उरली नाही, की बचावपटू डोकं वर करून डाव्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात लांब चेंडू टाकायचे. तो सेंटर बॅकला (मधल्या बचावपटूला) अंगावर घेऊन पळायचा, चेंडू टिकवायचा, आणि संघ चाळीस मीटर पुढे जायचा. या भीतीपोटी छोटे संघ आपली बचावरेषा आणखी मागे न्यायचे. मग तिच्यापुढे जी जागा सुटायची तीत त्रिंकांव आणि पेद्रू गोन्साल्विश हे हल्लेखोर चेंडू घेऊन वळायचे. गोलांची बेरीज दुसरा कुणी भरून काढेलही. ती भीती मात्र बाजारात विकत मिळत नाही.

आल्मेरियाहून आणलेला लुईस सुआरेस (हा कोलंबियाचा, उरुग्वेच्या प्रसिद्ध सुआरेसशी गल्लत करू नका) स्पेनच्या दुसऱ्या विभागात २७ गोल करून आला आहे. चांगला खेळाडू आहे. पहिला बचाव तोच करतो, पाठ गोलकडे ठेवून छोटे पास छान खेळतो, पेटीत (गोलसमोरच्या चौकटीत) हुशार आहे. पण तो वेगळ्या जातीचा स्ट्रायकर आहे, त्यामुळे संघाला खेळण्याची रीत बदलावी लागेल. त्यात बोर्जिस यांनी मागे तीन बचावपटूंची आमोरींची घडी मोडून चारची मांडणी आणली आहे. दोन मोठे बदल एकाच उन्हाळ्यात. ३१ जुलैला सुपर कपमध्ये बेनफिकाने त्यांना १-० हरवलं त्यात मला हेच दिसलं. चेंडू भरपूर वेळ पायात होता, पण दाबलं की बाहेर पडायची वाट नव्हती.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. स्ट्रायकर विकला म्हणून विजेतेपद जातंच असं पोर्तुगालचा इतिहास सांगत नाही. २०११ मध्ये पोर्तोचा फाल्काव गेला, प्रशिक्षकही गेला, तरी पुढचं विजेतेपद पोर्तोचंच. २०२२ मध्ये बेनफिकाने २६ गोल करणारा डार्विन नुन्येस लिव्हरपूलला विकला आणि पुढच्याच वर्षी ते जिंकले. याउलट २०१५ मध्ये जॅक्सन मार्तिनेस गेल्यावर पोर्तो तिसरा आला. फरक कुठे पडला? जिथे स्ट्रायकरशिवायही संघाला चेंडू पुढे न्यायचा रस्ता माहीत होता, तिथे निभावलं. स्पोर्टिंगकडे मोर्तेन युलमांडसारखा कर्णधार आहे, इनासिओ आहे, आणि चेल्सीने आधीच घेतलेला पण २०२६ पर्यंत इथेच खेळणारा केंडा आहे. म्हणून मी त्यांना तिसरा म्हणत नाही, दुसरा म्हणतो. माझा अंदाज असा की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगच्या आठवड्यांनंतर त्यांचे चार-पाच गुण छोट्या मैदानांवर सांडतील. तेवढे पुरेसे आहेत.

आता पोर्तो. हे लिहायला बसलो ते जड मनाने. काल, ५ ऑगस्टला, जॉर्ज कोस्टा गेले. क्लबच्या सराव केंद्रातच हृदय बंद पडलं. वय ५३. २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगचा चषक उचलणारा पोर्तोचा कर्णधार, आणि आता क्लबच्या व्यावसायिक फुटबॉलचे संचालक. आपल्याकडच्या लोकांना त्यांची ओळख वेगळ्या वाटेने आहे. २०१८ ते २०२० ते मुंबई सिटीचे प्रशिक्षक होते. अंधेरीच्या मैदानावर रेषेजवळ हात मागे बांधून उभे असलेले ते मी अनेकदा पाहिले आहेत. २०१८-१९ मध्ये मुंबई उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि तिथे एफसी गोवाकडून घरच्या मैदानावर ५-१ अशी हरली. मी गोव्याचा, तरी त्या रात्री त्यांच्यासाठी वाईट वाटलं होतं. पुढच्या लढतीत गोव्यात येऊन मुंबई १-० जिंकली. फेरी हातची गेली होती, पण त्यांनी संघाला मान खाली घालू दिली नव्हती.

मी भाकीत भावनेवर करत नाही, आणि पोर्तोचं नाव मी जुलैच्या मध्यालाच लिहून ठेवलं होतं. त्याची कारणं अशी.

गेल्या हंगामात पोर्तो सात सामने हरला आणि ७१ गुणांवर थांबला. लोक म्हणतात संघ वाईट होता. माझ्या मते संघ अर्ध्यातून उसवला. जानेवारीच्या बाजारात निको गोन्सालेस मँचेस्टर सिटीला आणि गालेनो सौदीला गेला. दोघांचे मिळून अकरा कोटी युरोंच्या आसपास आले. क्लबच्या डोक्यावर जुनं कर्ज होतं, ते विकणं भागच होतं. त्याच महिन्यात प्रशिक्षक व्हितोर ब्रूनो यांना काढलं. नवे आलेले मार्तिन आन्सेल्मी यांनी मागे तीन बचावपटूंची मांडणी आणली, जिच्यासाठी खेळाडूच नव्हते. क्लब वर्ल्ड कपमध्ये पोर्तो एकही सामना न जिंकता परतला आणि आन्सेल्मीही गेले.

४२ वर्षं अध्यक्ष राहिलेल्या पिंतो दा कोस्टा यांना हरवून आंद्रे विलास-बोआस २०२४ मध्ये अध्यक्ष झाले. २०१०-११ मध्ये एकही सामना न हरता विजेतेपद मिळवून देणारा प्रशिक्षक हाच. या उन्हाळ्यात पहिल्यांदाच त्यांच्या हातात पैसा आणि वेळ दोन्ही होते, आणि त्यांची खरेदी मला आवडली कारण तीत विचार दिसतो. पेपे २०२४ मध्ये निवृत्त झाल्यापासून मागच्या फळीत आवाज देणारा कुणी नव्हता. तिथे यान बेद्नारेक आला. उजवीकडे आल्बेर्तो कोस्टा. पुढे बोर्जा साइन्स. मधल्या फळीत गाब्री वेगा आणि कोपनहेगनहून आणलेला एकोणीस वर्षांचा व्हिक्टर फ्रोहोल्ट.

फ्रोहोल्टवर थांबतो, कारण या हंगामातली सर्वोत्तम खरेदी हीच ठरेल असं माझं म्हणणं आहे. हा मुलगा नव्वद मिनिटं दोन्ही पेट्यांच्या मधे धावतो, पण उगाच धावत नाही. चेंडू गमावल्याच्या क्षणी त्याचं तोंड आधीच योग्य दिशेला असतं. पोर्तुगालच्या लीगमध्ये छोटे संघ जगतात ते प्रतिहल्ल्यावर: मोठ्यांचे दोन्ही फुलबॅक वर गेले, चेंडू सुटला, मधे मैदान रिकामं. ती रिकामी जागा बुजवणारा माणूस ज्याच्याकडे, त्याचे गुण कमी सांडतात.

आणि प्रशिक्षक फ्रान्चेस्को फारिओली. यांच्याबद्दल सगळ्यांना आठवतो तो मे महिना, जेव्हा त्यांच्या आयाक्सने नेदरलँड्सच्या लीगमध्ये पाच सामने शिल्लक असताना नऊ गुणांची आघाडी घालवली आणि विजेतेपद एका गुणाने पीएसव्हीला दिलं. ही भीती खरी आहे. पण त्याच्याआधी त्यांनी नीसमध्ये काय केलं ते बघा. २०२३-२४ मध्ये फ्रान्सच्या लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाल्लेला संघ त्यांचा होता, पॅरिसपेक्षाही कमी. छोट्या मैदानावर पावसात १-० जिंकण्याची तयारी करून घेणारा प्रशिक्षक या लीगला साजेसा असतो. पोर्तोचा स्ट्रायकर सामू याने गेल्या वर्षी गोंधळलेल्या संघातही लीगमध्ये १९ गोल केले. मागे दियोगो कोस्टासारखा गोलरक्षक आहे. पोर्तोने या वर्षी १८पेक्षा कमी गोल खाल्ले तर मला आश्चर्य वाटणार नाही. गुण किती? ८५च्या आसपास.

याच्याच पोटात एक भाकीत आहे जे खोटं ठरलं तर मला आनंद होईल. रोद्रिगो मोरा, अठरा वर्षांचा, गेल्या हंगामात लीगमध्ये १० गोल, पोर्तोच्या प्रेक्षकांचा जीव. तो अर्ध्याहून कमी सामन्यांत सुरुवातीच्या अकरांत असेल. फारिओलींच्या तीन जणांच्या मधल्या फळीत प्रत्येकाने दोन्ही बाजूंचं काम करायचं असतं, आणि मोरा स्वभावाने दहा नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहून हल्ले रचणारा आहे. अशा मुलाला बाकावर बघणं मला अवघड जातं. तुमच्या हाताखालीही असा एखादा पोरगा असेल, त्यामुळे मी काय म्हणतो ते तुम्हाला कळेल.

बेनफिका तिसरा का, हा माझ्या उत्तरातला सर्वांत वादग्रस्त भाग. त्यांचा संघ कागदावर भक्कम आहे. पाल्मेरासहून रिचार्ड रिओस आला, डेडिच आला, इवानोविच आला. डावा फुलबॅक कारेरास पाच कोटी युरोंना रेआल माद्रिदला गेला, कोक्चू तुर्कस्तानात गेला, दी मारिया घरी रोझारिओला परतला. यावर एखादा म्हणेल, हिशेब बरोबरीत सुटला. माझी काळजी खेळाडूंपेक्षा दिनदर्शिकेची आहे. क्लब वर्ल्ड कपमध्ये बायर्नला हरवून गट जिंकल्यानंतर ते २८ जूनला चेल्सीकडून अतिरिक्त वेळेत हरले. ३१ जुलैला सुपर कप. आज रात्री नीसमध्ये चॅम्पियन्स लीगची पात्रता लढत, कारण पोर्तुगालची युरोपातली क्रमवारी घसरल्याने आता विजेत्यालाच थेट प्रवेश आहे आणि दुसऱ्याला पात्रता फेऱ्यांतून जावं लागतं. या लढतींपायी रिओ आव्हेशी असलेला त्यांचा पहिल्या फेरीचा सामनाच पुढे ढकलला आहे. कर्णधार ओतामेंदी ३७ वर्षांचा. पाय थकतात ते ऑगस्टमध्ये दिसत नाही, डिसेंबरमध्ये दिसतं.

आणि २५ ऑक्टोबरला क्लबची निवडणूक आहे. सभासदांनी अध्यक्ष निवडायचा, जुन्या सभासदाच्या मताला वजन जास्त, प्रचारात कोण कुणाला आणणार याच्या घोषणा. साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. अध्यक्ष रुई कोस्टा पुन्हा उभे राहतील तेव्हा त्यांच्याविरुद्धचा सर्वांत सोपा मुद्दा प्रशिक्षक असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर एक-दोन वाईट निकाल लागले की रुई कोस्टा लाज यांना वाचवत बसणार नाहीत. लाज हे चांगले प्रशिक्षक आहेत. जानेवारी २०१९ मध्ये येऊन त्यांनी जुआंव फेलिक्सला घेऊन जे विजेतेपद मिळवलं ते मी आजही नव्या मुलांना दाखवतो. पण पोर्तुगालमध्ये प्रशिक्षकाची खुर्ची किती हलकी असते ते गेल्या हंगामाने दाखवलं. तिन्ही मोठ्या क्लबांनी हंगाम चालू असतानाच प्रशिक्षक बदलले. म्हणून नाताळाची मुदत सांगतोय.

सर्वाधिक गोल मात्र बेनफिकाचाच स्ट्रायकर पाव्लिदिस याचे असतील. गेल्या वर्षी त्याची सुरुवात संथ झाली, पण जानेवारीनंतर तो वेगळाच माणूस होता: बार्सेलोनाविरुद्ध तीन गोल, द्रागांववर पोर्तोविरुद्ध तीन गोल. तीस गोल मात्र या वेळी कुणीच गाठणार नाही.

ब्रागाबद्दल थोडक्यात. २००९-१० मध्ये दुसरा, २०२० आणि २०२३ मध्ये तिसरा आलेला हा क्लब मोठ्या तिघांपैकी एकाला मागे टाकू शकतो हे सिद्ध आहे. या वर्षी नाही. गार्डिओलांचे सहायक राहिलेले कार्लोस व्हिसेन्स नवे प्रशिक्षक आहेत, जागा धरून खेळण्याची त्यांची पद्धत मुरायला वेळ घेते, आणि युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्या जुलैपासून चालू आहेत. पाऊ व्हिक्टर आणि रिकार्दो होर्टा मिळून वसंतात चांगले दिसतील. तोवर तिसरा क्रमांक लांब गेलेला असेल. पाचवा फामालिकांव: तरुण संघ, प्रशिक्षक हुगो ओलिव्हेराचं शिस्तीचं काम, आणि युरोपात खेळायचं नाही.

हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सांता क्लाराचं माझं भाकीत त्यावरच उभं आहे. तिथले प्रशिक्षक वास्को मातोस यांनी गेल्या वर्षी केलेलं काम विलक्षण होतं. नुकताच वर आलेला संघ, अझोरेस बेटांवरचा, लिस्बनपासून चौदाशे किलोमीटरहून दूर, प्रत्येक बाहेरचा सामना विमानाने, आणि तरी ५७ गुणांसह पाचवा. पण पोर्तुगालमध्ये छोट्या क्लबाला युरोपचं तिकीट महाग पडतं. पासोस दे फेरेरा २०१३ मध्ये तिसरा आला, पुढच्या वर्षी पंधरावा. आरौका २०१६ मध्ये पाचवा, पुढच्या वर्षी थेट खाली. रिओ आव्हे २०२० मध्ये पाचवा. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत त्यांनी एसी मिलानला २४ पेनल्टींपर्यंत झुंजवलं आणि त्याच हंगामाच्या शेवटी ते खाली गेले. जिल व्हिसेंते २०२२ मध्ये पाचवा, मग तेरावा. आरौकाने २०२३ नंतर सातवं स्थान राखून याला अपवाद दाखवला आहे, पण असे अपवाद थोडे.

याचं मूळ पैशात आहे. टीव्हीचे हक्क अजूनही प्रत्येक क्लब आपापले विकतो. एकत्रित विक्री २०२८-२९ पर्यंत यायची आहे. तोवर तीन मोठ्यांच्या आणि बाकीच्यांच्या उत्पन्नात दरी राहणार, आणि छोट्या क्लबाकडे गुरुवारी युरोपात आणि रविवारी लीगमध्ये खेळेल असा दुहेरी संघ कधीच नसणार. ९१ हंगामांत मोठ्या तिघांबाहेरचा विजेता फक्त दोनदा झाला, १९४६ मध्ये बेलेनेन्सेस आणि २००१ मध्ये बोआव्हिश्टा. तो बोआव्हिश्टा मे महिन्यात तळाला येऊन खाली गेला आणि पाठोपाठ त्याला व्यावसायिक लीगचा परवानाही मिळाला नाही. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा तो सदरा या वर्षी व्यावसायिक फुटबॉलमध्ये कुठेच दिसणार नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

मोरेइरेन्सचं नाव ऐकून तुम्ही थबकला असाल. मोरेइरा दे कोनेगोश म्हणजे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. पण या क्लबाची प्रशिक्षक निवडण्याची नजर चांगली आहे. २०२३-२४ मध्ये इथेच रुई बोर्जिस यांनी संघाला सहावं आणलं, पुढच्याच हंगामात ते स्पोर्टिंगचे विजेते प्रशिक्षक झाले. आता क्लबाने वास्को बोतेल्यो दा कोस्टा यांना आणलं आहे, ज्यांनी अल्वेर्काला गेल्या हंगामात वर काढलं. माझ्या फोल्डरमध्ये अल्वेर्काचे दुसऱ्या विभागातले सामने आहेत. गोलकिकपासूनची त्यांची बांधणी पहिल्या विभागातल्या निम्म्या संघांपेक्षा स्वच्छ होती.

वर चढलेल्या दोन्ही संघांची हीच कथा. तोंदेलाचे लुईस पिंतोही व्हितोरिया गिमारायशला निघून गेले. म्हणजे दोघेही बिनपायाचे वर येताहेत. मग अल्वेर्का वाचेल आणि तोंदेला नाही, असं का? अल्वेर्का लिस्बनला खेटून आहे, २१ वर्षांनी वर येतोय, आणि त्याने या उन्हाळ्यात जवळजवळ अख्खा संघ नव्याने उभा केला आहे. ऑक्टोबरपर्यंत तो विस्कळीत दिसेल, तेव्हा घाबरू नका. तोंदेलाने वर आणलेला संघ बराचसा तसाच ठेवला आहे आणि पहिल्या विभागाच्या वेगासमोर तो कमी पडेल.

एव्हीएसला गेल्या वर्षी विझेलाविरुद्धच्या प्लेऑफने (पहिल्या विभागातली जागा टिकवण्याच्या लढतीने) वाचवलं. हा क्लब २०२३ मध्ये दुसऱ्या गावाचा संघ उचलून व्हिला दास आव्हेशमध्ये आणून बनवलेला आहे. त्याच मैदानावरच्या जुन्या आव्हेशने २०१८ मध्ये स्पोर्टिंगला हरवून पोर्तुगालचा कप जिंकला होता, आणि तेव्हाचे प्रशिक्षक जोसे मोटा आज एव्हीएसचे प्रशिक्षक आहेत. त्या माणसाबद्दल आदर आहे. तरी ३४ सामन्यांत २७ गुण मिळवणाऱ्या संघाने सुधारावं असं या उन्हाळ्यात काही घडलेलं मला दिसलं नाही. तळाचा क्रमांक त्यांचाच. सोळाव्या जागेवरून प्लेऑफला कोण जाईल? एश्त्रेला दा आमादोरा.

ही भाकितं आज, ६ ऑगस्टची आहेत, आणि बाजार १ सप्टेंबरपर्यंत उघडा आहे. त्याआधी दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, चौथ्याच फेरीत, ऑगस्टच्या अखेरीस, पोर्तो स्पोर्टिंगच्या मैदानावर जातोय. तिथे फारिओलींची मधली फळी चेंडू गमावल्यावर किती वेळात मागे वळते ते घड्याळ लावून बघा. दोन, युलमांड. तो स्पोर्टिंगमध्ये राहिला तर वरचा क्रम तसाच ठेवा. तो विकला गेला, तर स्पोर्टिंगला तिसरा करा आणि बेनफिकाला एक पायरी वर घ्या. पोर्तोच्या जागेला हात लावू नका.